दुपारची गोळी

इस्त्रीमावशीच्या दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत चटक्यांचे डाग होते. काही जुने, पांढरट पडलेले, काही तपकिरी. हॉस्पिटलांच्या चादरी धुणाऱ्या एका मोठ्या लाँड्रीत तिने उभा जन्म काढला. तापलेल्या रोलरमध्ये ओली चादर सारायची, पलीकडून कोरडी ओढून घ्यायची, घडी घालायची, थप्पीवर टाकायची. एखादी नवी मुलगी भाजली आणि रडत बसली की मावशी आपले हात तिच्यापुढे धरायची.

"हे बघ, माझ्या हातावर अख्ख्या जिल्ह्याचा नकाशा आहे. तू एका गावातच भोकाड पसरलंस?"

मुलगी रडता रडता हसायची. मावशीची जीभ कात्रीसारखी चालायची, पण कापलेलं कुणाला दुखायचं नाही.

नवरा लवकर गेला, पोटी मूल नाही. हाडांत कॅन्सर उतरला तेव्हा थोरल्या बहिणीने तिला आपल्या घरी आणलं. या थोरलीला चर्चचा अख्खा धर्मग्राम ताईच म्हणायचा. तरुणपणी ती मिशनरी सिस्टर व्हायला कॉन्व्हेंटात गेली होती. दूरच्या देशात जायचं, कुष्ठरोग्यांच्या जखमा धुवायच्या, वेळ आलीच तर प्रभूसाठी मरायचं, असं तिने मनाशी पक्कं केलेलं. छाती अधू निघाली आणि वर्षाच्या आत तिला घरी पाठवलं. "ताईची ट्रंक अजून भरलेलीच आहे, फक्त गाडी आली नाही," असं मावशी म्हणायची. ताईला ते झोंबायचं, पण खोटं आहे असं ती कधी म्हणाली नाही.

जाता आलं नाही, मग ताईने मिशनच घरात आणलं. हॉलच्या भिंतीवर जगाचा नकाशा लावला. कुठे चर्च जाळलं, कुठे फादरांना पळवून नेलं, कुठे गावाने ख्रिस्ती माणसांची विहीर बंद केली, की तिथे लाल टाचणी. दर शुक्रवारी दुपारी बायका जमायच्या, पाच खंडांसाठी पाच रंगांचे मणी असलेली जपमाळ हातात घ्यायच्या आणि एकेका टाचणीसाठी प्रार्थना करायच्या. त्या प्रार्थनेत खोट नव्हती. ज्यांचं नाव घ्यायला जगात कुणी उरलं नव्हतं, त्यांचं नाव त्या हॉलमध्ये घेतलं जायचं. पाववालीचे डोळे दर वेळी भरून यायचे, आणि शिवणवाली आपल्या आजारी नवऱ्याला एकटं टाकून यायची.

आतली खोली अरुंद, म्हणून मावशीचा पलंग हॉलमध्येच, नकाशाखाली होता. बायकांच्या खुर्च्या पलंगाभोवती मांडल्या जायच्या.

एका शुक्रवारी ताईने फोटो आणला. रानातल्या मिशनच्या दवाखान्यातून एका फादरांना बंदूकवाल्यांनी उचलून नेलं होतं. दाट भुवया, हसरा चेहरा. फोटो हातोहात फिरून मावशीकडे आला. तिची दुपारच्या गोळीची वेळ झाली होती, नर्सबाईंनी दिलेली मॉर्फीनची गोळी. मावशी फोटोकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ताई, गोळी जरा थांबव. नाहीतरी हे दुखणं फुकट चाललंय. आजचं या फादरांच्या नावाने देते."

 आपल्याकडे हे जुनंच आहे. आजाऱ्याने आपलं दुखणं प्रभूच्या क्रूसाला जोडायचं आणि कुणासाठी तरी अर्पण करायचं. लहानपणी ढोपर फुटलं तरी आई हेच सांगायची. त्या दिवशी मावशीने ते मनापासून केलं. घाम फुटला, ओठ पांढरे पडले, पण पाचही रंग संपेपर्यंत तिने गोळी घेतली नाही. माळ संपल्यावर म्हणाली, "झालं. आता द्या. फादर दमले असतील."

असं तिने पुढेही काही वेळा केलं. जमेल तेव्हा करायची, नाही जमलं तर सरळ सांगायची, "आज फादरांनी आपलं आपण बघावं."

आणि ऐन उन्हाळ्यात ते फादर सुटले.

चर्चची घंटा वाजली. मिस्साची उपासना झाल्यावर लोक ताईच्या घराकडे वळले. कुणी मावशीचा हात कपाळाला लावला, कुणी पलंगाच्या कठड्याला रुमाल टेकवून नेला. मावशी म्हणाली, "अहो, हळू. मी अजून जिवंत आहे." ताई दाराशी उभी होती. ज्या गाडीची तिने जन्मभर वाट पाहिली ती जणू आज दारात लागली होती, असा तिचा चेहरा झाला होता.

त्यानंतर माणसं येतच राहिली. शेजारच्या धर्मग्रामातून, त्याच्या पलीकडच्या धर्मग्रामातून. प्रत्येकाजवळ एखादी टाचणी. कुठे कैदेतला धर्मशिक्षक, कुठे पेटवलेली वस्ती. एका डोंगरातल्या कॉन्व्हेंटमधून ओढून नेलेल्या एक म्हाताऱ्या सिस्टर होत्या, अनाथ मुलांना शिकवणाऱ्या. त्यांचा फोटो ताईने मावशीच्या उशाशीच लावला.

"धाकटे, आज दुपारची राहू दे ना. सिस्टरांसाठी."

"ताई, आज नाही गं. आज कंबरेत करवत चालतेय."

"म्हणूनच तर. थोडं दुखणं काय कुणीही देतं."

पहिल्यांदा मावशी हसली. पुढे हसू आटलं. गोळ्यांची पाकिटं उशाजवळच्या स्टुलावर असायची, ती एके दिवशी तिथे नव्हती. समोरच्या कपाटावर मारियामातेचा पुतळा होता, निळ्या शेल्याचा, हात पसरलेला. ताईने पाकिटं त्या पुतळ्यामागे ठेवली. "तुझा हात नको जायला. मोह वाईट असतो," म्हणाली. मावशीला कुशीवर वळता येत नव्हतं, कपाटापर्यंत जाणं दूरच. दिवसभर ती पुतळ्याकडे बघायची. येणारे म्हणायचे, "बघा, नजर कशी मातेवर लागलीय."

रात्रीची गोळी ताई द्यायची, नाही असं नाही. सकाळचीही कधी कधी. दुपारची मात्र मिशनची झाली. हळूहळू संध्याकाळचीही.

"ताई, दे गं. पाया पडते."

"अगं, तिकडे नखं उपटतात लोकांची. तू पलंगावर आहेस, गादीवर आहेस."

"मग त्या नकाशात आपलं घर कुठे येतं ते बघ, आणि एक टाचणी इथे लाव."

ताई रडली. खरंच रडली. मावशीचे पाय चोळत बसली, केस विंचरले, चमच्याने सूप भरवलं. गोळी दिली नाही.

आठवड्यातून एकदा नर्सबाई यायच्या. पाठीच्या जखमा बघायच्या, पट्टी बदलायच्या. "दुखतंय का, मावशी?"

"सहन होतंय तिला," ताई पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून सांगायची.

मावशीचं तोंड उघडायचं आणि मिटायचं. बहिणीच्या घरात, बहिणीच्या हातचं खाऊन, बहिणीचं उणं परक्या बाईला कसं सांगायचं? एकदा मात्र तिने म्हटलं, "दुखतं, बाई, फार दुखतं." नर्सबाईंनी आणखी जोरदार गोळ्या लिहून दिल्या. त्याही पुतळ्यामागे गेल्या.

पानं गळायला लागली तेव्हा ते सुटलेले फादर स्वतः मावशीला भेटायला आले. घरात पाय ठेवायला जागा नव्हती. पाववालीने केक आणला, शिवणवालीने पलंगपोसाला नवी झालर लावली. फोटोतल्या दाट भुवया पांढऱ्या झाल्या होत्या आणि पुढचे दात गेले होते. ते पलंगाजवळ खुर्ची ओढून बसले.

"तिकडचं काहीतरी सांगा ना, फादर," ताई म्हणाली. "तुम्ही कसं सोसलंत ते."

 फादर म्हणाले, "सोसलं कुठे? सुटका नव्हती म्हणून पडून होतो. एकदा दात सुजला. डोळा बंद होईपर्यंत गाल फुगला. मी लहान मुलासारखा ओरडायचो. तिथे एक पहारेकरी होता. मला सगळ्यांत जास्त मारायचा तोच. एका संध्याकाळी त्याने रुमालाच्या गाठीतून गोळी काढली, दगडाने कुटली आणि पाण्यातून मला पाजली. दुसऱ्या दिवशी पुन्हा मारलं. पण गोळी रोज दिली, दात बरा होईपर्यंत."

कुणीतरी नाक ओढलं. आणि पलंगावरून एक आवाज आला, आधी कुणाला कळेना हसू आहे की हुंदका.

"फादर," मावशी म्हणाली, "तो माणूस इकडे पाठवून द्या."

बायका हसल्या. मावशीची जीभ अजून शाबूत म्हणून त्यांना बरं वाटलं. फादर हसले नाहीत. त्यांनी मावशीच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. असा चेहरा त्यांनी आरशात नाही, पण कैदेतल्या पाण्याच्या डब्यात बघितला असावा.

"काय हवंय, मावशी?"

तिने हनुवटीने दाखवलं. "आईच्या मागे आहे."

फादर उठले. पुतळ्यामागे हात घातला आणि एकामागून एक पाकिटं काढली. न फोडलेली पाकिटं, थप्पीच्या थप्पी. शिवणवाली "अगं बाई" म्हणाली. ताई चटकन पुढे झाली. "फादर, ते तिने अर्पण केलंय. तुमच्यासाठी. तुम्ही सुटलात ते..."

"बाई," फादर म्हणाले, "हे तुमचं नव्हतं."

एवढंच बोलले. सोनारानेच कान टोचले ते. स्वतः पेल्यात पाणी घेतलं, मावशीच्या मानेखाली हात घालून तिला गोळी दिली, आणि ती झोपेपर्यंत तिचा चटक्यांचा हात धरून बसले. केक कुणी कापला नाही.

मग चांगले दिवस आले. फादर जाताना नर्सबाईंशी बोलून गेले होते. पाकिटं पुन्हा स्टुलावर आली. मावशी वेळच्या वेळी गोळी घ्यायची, झोपायची, उठून चहा मागायची. शिवणवालीला म्हणाली, "झालर वाकडी लावलीस, नवऱ्याला दाखव, तो तरी हसेल." आणि एका दुपारी तिने स्वतःहून पाच रंगांची माळ मागितली. हिरव्यापासून निळ्यापर्यंत सावकाश, प्रत्येक नमो मारिया पुरती म्हणत म्हणाली. "इतके दिवस मी प्रार्थना कुठे करत होते? दात खात होते नुसती," ती म्हणाली. "आज कुठे त्या सिस्टर डोळ्यांपुढे आल्या. बिचारीच्या गालावर तीळ आहे. दिसलाच नव्हता."

ताईने घरातलं सगळं केलं, पण तोंडातून शब्द काढला नाही. जेवण पुढ्यात ठेवायची आणि वळायची.

पुढल्या शुक्रवारी बायका जमल्या. ताई उभी राहिली. डोंगरातल्या सिस्टरांचा देह सापडला, म्हणाली. नाल्यात. जाळलेला.

पाववाली रडायला लागली. शिवणवालीने विचारलं, "कधी झालं हे?"

ताईने पलंगाकडे बघितलं नाही. माळेचे मणी नीट करत म्हणाली, "फादर आले होते ना. त्याच संध्याकाळी."

 एक एक मान वळली, पलंगाकडे, स्टुलावरच्या पाकिटांकडे, आणि परत आपल्या मांडीकडे. ही गोष्ट सांगणाऱ्याला विचाराल तर, त्या संध्याकाळी डोंगरात जे झालं ते तिथल्या माणसांनी केलं. एका बाईच्या झोपेने ते घडलं नाही आणि तिच्या जागण्याने टळलं नसतं. पण हे त्या हॉलमध्ये म्हणायला कुणी नव्हतं. फादर लांब गेले होते आणि बायका घाबरल्या होत्या. पाववाली म्हणाली, तीही हळू आवाजात, "निजली होती नाही का ती. गाढ." मनात वाईट काही नव्हतं बिचारीच्या.

मावशीने ऐकलं.

माळ संपली, बायका गेल्या. दुपारच्या गोळीची वेळ झाली होती. ताईने कितीतरी महिन्यांनी दुपारसाठी स्वतः पाकीट फोडलं, गोळी तळहातावर घेतली, दुसऱ्या हातात पेला, आणि पलंगाशी आली. आवाज मऊ होता.

"घे, धाकटे."

मावशीने उशाशी मान वळवली. फोटोत सिस्टर हसत होत्या. गालावर तीळ होता.

"घे ना. मी काही म्हणतेय का?"

मावशीने ओठ मिटून घेतले.  ताईने गोळी कागदात गुंडाळली, स्टुलावरची सगळी पाकिटं गोळा केली, आणि कपाटापाशी जाऊन मारियामातेला अलगद पुढे सरकवलं.

नर्सबाई आल्या तेव्हा मावशीच्या खालच्या ओठावर दातांच्या खुणा होत्या. पट्टी सोडता सोडता त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "दुखतंय का, मावशी?"

ताई पायथ्याशी उभी होती. या वेळी तिला बोलावं लागलं नाही.

"सहन होतंय," मावशी म्हणाली.