वंदनाच्या डायरीतला त्रास

"पक्षी बहिरा नव्हता कशावरून?" असं म्हणत आमचे विभागप्रमुख देशपांडे सर यांनी वंदनाचा थिसिस माझ्याकडे परत सरकवला.

मी तेव्हा औरंगाबादच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचो. वंदना माझ्या हाताखाली पीएच.डी. करत होती. देवगाव रंगारीची, शेतकऱ्याघरची. घरच्यांनी शिकायला दिलेली मुदत त्याच वर्षी संपत होती.

तिचा विषय सोपा करून सांगतो. दक्षिण सह्याद्रीत दोन डोंगर. वर दाट, ओलं जंगल आणि मध्ये उघडी, कोरडी दरी. तिथला एक बारका निळा पक्षी सावली सोडत नाही, म्हणून दरी ओलांडत नाही. हजारो पिढ्या असं चाललं की दोन्हीकडचं गाणं वेगळं होत जातं. आपल्याकडे नाही का, बारा कोसांवर भाषा बदलते! शेवटी एकमेकांचं गाणं कळेनासं होतं, जोड्या जुळत नाहीत आणि एका जातीच्या दोन होतात.

वंदनानं एका डोंगरावरच्या पक्ष्याला दुसऱ्या डोंगरावरचं गाणं टेपवर ऐकवलं. त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. पण त्याच पक्ष्याला स्वतःच्या डोंगरावरचं गाणं ऐकवल्याची नोंद थिसिसमध्ये नव्हती. ते ऐकून, आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला समजून तो धावून आला, तरच आधीच्या दुर्लक्षाला अर्थ. याला आम्ही कंट्रोल म्हणतो. सरांचं बरोबर होतं. मी गाईड असून हे माझ्या नजरेतून सुटलं, याची लाज वाटली.

"पुन्हा जावं लागेल," मी वंदनाला म्हणालो.

"आता घरचे नाय सोडायचे, सर."

किती दिवस लागतील ते बघायला मी तिची जंगलातली डायरी उघडली. रोजच्या पानावर एकच शेरा: 'स्पीकर तपासताना त्रास.'

"हा कसला त्रास?"

"स्पीकर चालतो का बघायला तिथल्याच पक्ष्याची टेप लावायचे. की आलाच तो भांडायला. थेट स्पीकरवर बसायचा. लई वैताग, सर. मग तो गेला की काम सुरू करायचे."

"रोज?"

"व्हय, दोन्ही डोंगरांवर. वेळ बी लिहिलीय."

मला हसू आवरेना. "अगं, हाच तुझा कंट्रोल."

देशपांडे सरांनी डायरीचं पान न् पान वाचलं आणि मान डोलावून सही केली. व्हायवा झाला त्या दिवशी वंदनाचे वडील मक्याची कणसं घेऊन आले. "पोरीनं नवा पक्षी काढला व्हय?" असं डिपार्टमेंटभर विचारत, वाटत फिरले. मला इतका आनंद माझ्या स्वतःच्या पीएच.डी.ला झाला नव्हता.

तेव्हापासून विद्यार्थी जंगलातून आला की मी आधी विचारायचो, वैताग कशाचा आला? निष्कर्ष मागाहून बघायचो.