बिलोली कुठल्या अंगाला?

वडील गेल्यावर मी मायला नांदेडला घेऊन आले. बिलोलीजवळच्या आमच्या गावात ती एकटी राहायला तयार होती, मीच नव्हते. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. मी आणि हे दोघंही नोकरीला, मुलगी कॉलेजात. दिवसभर माय खिडकीत बसून समोरच्या बिल्डिंगमधली वाळत घातलेली धुणी बघायची. संध्याकाळी मी दार उघडलं की तिचा प्रश्न ठरलेला.

"कवा सोडून देतीस मला गावाकडं?"

"इथं काय कमी आहे, माय?"

"कमी काहीच न्हाई. बोलायला मानूस न्हाई."

मी चहा ठेवायला आत जायचे.

शहराच्या कडेला टेकडीवर एक बाग आहे. एका रविवारी ऊन उतरल्यावर मी तिला रिक्षात बसवलं आणि तिकडं नेलं. रिक्षा फाटकापर्यंतच जाते, पुढं चढ. मी तिच्या गुडघ्यांचा विषय काढला, तर म्हणाली, "गुडघ्याला इचारून कुटं जाऊ नये," आणि माझा हात सोडून चालायला लागली. दोनदा थांबली, पण दम लागला असं काही कबूल केलं नाही.

वर भन्नाट वारा होता. पोरं झोपाळ्यांवर भांडत होती. आम्ही कठड्यापाशी गेलो आणि खाली सगळं नांदेड पसरलेलं दिसलं. गुरुद्वाऱ्याचा सोनेरी घुमट, गोदावरीवरचे पूल, नदीपलीकडची शेतं, आणि गच्च्यांवरच्या काळ्या टाक्या, जिकडं बघावं तिकडं टाक्याच. माय कठडा धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत गेली. आल्यापासून तिनं दवाखाना आणि भाजीबाजार एवढंच पाहिलं होतं.

"एवढं मोठं हाय व्हय गं हे गाव!" ती शेवटी म्हणाली. "आपलं घर कुटं हाय? दाव बरं."

मी शोधायला लागले. सगळ्या बिल्डिंगी सारख्याच दिसत होत्या. मग मी अंदाजानं बोट केलं. "ती पिवळी असेल."

"आसंल म्हंजे? ऱ्हातीस ना तिथं?"

मागच्या बाकावरून कुणीतरी मोठ्यानं हसलं. मायच्याच वयाच्या एक बाई होत्या. अंगावर हिरवं लुगडं, पायात पांढरे स्पोर्ट्सचे बूट. "माजा ल्योक बी आसाच दावतो," त्या म्हणाल्या. "दर खेपेला येगळी बिल्डिंग!"

"कुठल्या वो तुमी?" मायनं विचारलं.

"धर्माबादच्या."

"आगं बया! मी बिलोलीकडची." माय लगेच त्यांच्या शेजारी टेकली. "धर्माबादच्या बाजारात मिरच्या घेऊन यायचो की आमी. गाडीत बसल्यापास्नं शिंका."

मिरच्यांवरून गप्पा तेलुगू बोलणाऱ्या व्यापाऱ्यांवर गेल्या, तिथून सुनांवर. सुनांच्या वेळी मी जरा लांब जाऊन उभी राहिले. परत आले तर वाद पेटला होता.

"बिलोली त्या अंगाला," माय नदीच्या खालच्या बाजूला हात करून सांगत होती.

"काय तरीच! तिकडं आमचं धर्माबाद. तुमची बिलोली हिकडं."

बागेचा वॉचमन जवळून चालला होता. दोघींनी त्यालाच मध्ये घेतलं. तो म्हणाला, "मावशी, मी जळकोटचा. मला इथलं बसस्टँड सापडायलाच महिना गेला." आणि हात जोडून पुढं सटकला. मी गुपचूप मोबाइलवर नकाशा पाहिला. दोन्ही गावं जवळपास एकाच बाजूला होती. पण सांगितलं नाही. दोघी चांगल्या रंगात आल्या होत्या.

खाली दिवे लागायला लागले तशा त्या बाई उठल्या. पदर सावरत सवयीनं म्हणाल्या, "येते बाई. जयभीम."

माय अर्धवट उठलेली पुन्हा खाली बसली. "जयभीम! आवो, आदी सांगायचं न्हाई का!"

त्याही बसल्या. मग कुठल्या गावात कुणाला कुणाची मुलगी दिली, हे सगळं नव्यानं सुरू झालं. नात्यात नातं शोधता शोधता मायची एक मावसबहीण त्यांच्या दिराच्या सासुरवाडीची निघाली. आम्ही उतरलो तेव्हा वॉचमन फाटकाशी शिट्टी वाजवत होता. त्या आमच्याच भागात, दोन गल्ल्या सोडून राहतात असं कळलं, म्हणून एकाच रिक्षात आलो. मी पुढं ड्रायव्हरशेजारी, त्या दोघी मागं. घरी चपला काढताना माय म्हणाली, "मला बी तसले बूट घे."

तुरीच्या काढणीला ती गावाकडं गेली. मी न्यायला जायच्या आधीच एसटीनं एकटी परत आली, डोक्यावर शेंगांचं गाठोडं घेऊन. ते गाठोडं आमच्या घरी रात्रभरसुद्धा राहिलं नाही, अर्धं लगेच दोन गल्ल्या पलीकडं गेलं.

आता मी ऑफिसातून येते तेव्हा बहुतेक वेळा दाराला कुलूप असतं. मी कुलूप काढते, पंखा लावते, कपड्यांच्या घड्या करते. अंधार पडता पडता जिन्यात दोघींचं बोलणं ऐकू यायला लागतं. पहिल्या मजल्यावर थांबतात, पुन्हा दुसऱ्यावर, पण बोलणं काही थांबत नाही. तोवर मी चहाचं आधण ठेवलेलं असतं.