नावाखाली शून्य

बऱ्हाणपूर स्टेशनवर मला सोडायला सतरा माणसं आली होती आणि त्यातली सोळा एकाच वेळी बोलत होती. पासपोर्ट पोटाशी ठेव, लोणच्याची बरणी आडवी करू नको, पोचल्या पोचल्या मामाला फोन कर. आई खिडकीच्या गजांतून हात घालून माझी ओढणी सारखी करत होती. सतरावे माझे वडील, अण्णा. ते पाण्याच्या नळापाशी हात मागे बांधून उभे होते. गाडी हलली तेव्हा मीच ओरडले, "अण्णा, तुम्ही काहीच नाही सांगितलं!" ते गाडीबरोबर चार पावलं चालले आणि म्हणाले, "तू विचारलंच नही ना बेटा."

अण्णांचा तो नियमच होता. जैनाबादला तापीच्या काठाला आमची केळी आहे. संध्याकाळी आमच्या ओट्यावर आजूबाजूचे शेतकरी येऊन बसत. कुणाच्या केळीचा पोंगा, म्हणजे मधली कोवळी सुरळी, सडला, कुणाचे घड बारीक राहिले, सगळ्यांची चर्चा चाले आणि सगळ्यांत कमी बोलत ते अण्णा. पण सरतेशेवटी कुणीतरी त्यांच्याकडे वळायचंच, "तू सांग भाऊ." मग ते दोन वाक्यं बोलत आणि विषय संपे. "विचारल्याबिगर सांगू नही. न विचारता सांगतलेलं कोणी आयकत नही, अन वरून नजर लागली म्हनतात," असं ते मला शेताच्या बांधावर सांगायचे. मी तेवढंच घेऊन जर्मनीला आले, असं म्हटलं तरी चालेल.

दहावीच्या ग्रुपवर तुम्ही लिहिलंत ना, की मीना परदेशात गेली आणि मुकी झाली, सगळं वाचते पण एक अक्षर टाकत नाही. मला राग नाही आला. आणि तुम्हालाच का, मी सगळीकडेच मुकी होते. ते का, आणि त्यापायी काय झालं, ते इथं लिहिते आहे. तापीकाठी राहिलात त्यांच्यासाठी, आणि माझ्यासारखे इंदूर, पुणे, दुबईला निघून गेलात त्यांच्यासाठीही.

बऱ्हाणपूरला इतवाऱ्यातल्या शाळेत मी विज्ञान शिकवायचे, म्हणजे बोलण्याचीच भाकरी खायचे. लग्न होऊन कार्ल्सरूहला आले आणि तोंड बंद झालं. नवरा सकाळी ऑफिसला जाई, मी बाहेरून आलेल्यांना जर्मन शिकवणाऱ्या सरकारी इंटिग्रेशन कोर्सला. तिथं तिशीतली मी पहिलीतल्या पोरीसारखी म्हणत असे, हे टेबल, ही खुर्ची. एकदा धडा होता छंदांचा. प्रत्येकानं उभं राहून आपला छंद सांगायचा. एक सिरियन आजोबा म्हणाले पतंग, एक युक्रेनची मुलगी म्हणाली विणकाम. मला काही सुचेना. आपल्याकडे छंद हा फक्त लग्नाच्या बायोडाटात असतो, आणि तिथं सगळ्याच मुलींचं वाचन आणि संगीत असतं. मी घाबरून जो शब्द आला तो बोलून टाकला, "केळी." वर्ग हसला. बाई मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, त्याचाही ऑनलाइन ग्रुप असेल, जा आणि वाच, भाषा येईल.

आणि खरंच होता. घराच्या अंगणात हौस म्हणून केळी लावणाऱ्या जर्मन लोकांचा फोरम. पहिल्या दिवशी मी एकटीच मोठ्यांदा हसले. एकेका झाडाला नाव ठेवलेलं. नोव्हेंबर आला की खोड कापायचं, भोवती पेंढा भरायचा, वरून कापड गुंडाळायचं, बाळंतिणीची करावी तशी बडदास्त. नवं पान फुटलं की फोटो आणि त्याखाली पन्नास जणांचं अभिनंदन. आमच्याकडे पाच हजार खोडं, पानाकडे बघायला वेळ कुणाला. पण दुसऱ्या दिवशी मी पुन्हा उघडलं, तिसऱ्या दिवशीही. खोटं कशाला बोलू, त्या चिखलाच्या, करड्या गावात मला हिरवं पान बघायला मिळत होतं.

त्या फोरमवर प्रत्येकाच्या नावाखाली सभासद झाल्याचं वर्ष असतं आणि एक आकडा, आजवर किती वेळा लिहिलंत त्याचा. कुणाचे चार हजार, कुणाचे नऊशे. माझ्या नावाखाली शून्य. पहिल्या वर्षी शून्य, चौथ्या वर्षीही शून्य.

सुरुवातीला कारण साधं होतं, भाषा. मी शब्दकोश घेऊन एक वाक्य जुळवेपर्यंत तिकडे दहा जण बोलून मोकळे होत. नंतर भाषा आली, पण तोवर गप्प राहण्याची सवय अंगवळणी पडली होती. शिवाय, लिहिलं की कुणी विचारणार, तुला हे कसं माहीत? मग सांगावं लागणार की तुमचा छंद तो आमचा धंदा. मग मी मीना राहणार नाही, भारतातली केळेवाली बाई होणार. आणि आतलं खरं सांगायचं तर थोडी मिजासही होती. ते चुकीचं खत घालताना दिसत, मी मनात हसे. जाणकारानं गप्प बसण्यात एक ऐट असते, ती मला अण्णांकडून मिळाली असं मी समजत होते.

त्यात एक रेनाटे होती. सत्तरीची, कार्ल्सरूहपासून तीन तासांवरच्या एका खेड्यात राहणारी. ती दर रविवारी लिहायची. छोटी वाक्यं. "आज तीन अंश. झाडं झाकली. माझा गुडघा दुखतो. शेजाऱ्याचं मांजर पेंढ्यात झोपतं." कोर्सच्या पुस्तकापेक्षा मी रेनाटेच्या वाक्यांवर जर्मन शिकले. परीक्षेत हवामानावर निबंध आला तेव्हा मी जवळजवळ तिचाच रविवार लिहून आले आणि पास झाले. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिची सोळा झाडं होती, मला ती एकेक करून ओळखू येत.

चौथ्या उन्हाळ्यात योर्ग नावाच्या एका जुन्या सभासदानं फोटो टाकले. त्याच्या एका झाडाच्या पानांवर फिकट पिवळे पट्टे उमटले होते, शिरांच्या बाजूनं, लांबच लांब. लोक वेडे झाले. अशी दोन रंगांची पानं हौशी लोकांत फार दुर्मीळ समजली जातात. किती सुंदर, निसर्गाचा चमत्कार, मला एक पिल मिळेल का? पिल म्हणजे बुंध्याशी फुटणारा कोंब, त्यापासून नवं झाड होतं. योर्गनं सांगितलं, पाच पिलं आहेत, पार्सलनं पाठवीन. यादी तयार झाली. पहिलं नाव रेनाटेचं.

मी फोटो मोठा करून पाहिला. एकदाच. तो चमत्कार नव्हता, तो हरण्या होता. आपल्याकडे केळीवर येतो तो व्हायरस. मावा नावाची बारीक कीड तो या झाडाचा त्या झाडाला लावते, आणि पिलांतून तर तो जातोच. त्याला औषध नाही. झाड मुळासकट काढून जाळायचं, एवढाच इलाज.

हे मला कसं ठाऊक, ते तुमच्यातल्या जैनाबादच्या लोकांना आठवत असेल. मी आठवीत होते. अण्णांच्या मागून बांधावरून चालले होते. भागवत काकांच्या शेताशी, म्हणजे आमच्या लगतच्या शेताशी, अण्णा थांबले. एका झाडाकडे बघत राहिले. मी विचारलं काय झालं, तर "काई नही, चाल." पंधरा दिवसांत काकांच्या निम्म्या बागेत पट्टे दिसू लागले. त्यांनी सगळी केळी उपटली. आमचीही चाळीसेक झाडं गेली. काका रोज आमच्या ओट्यावर बसणारा माणूस, त्या दिवसांत का कोण जाणे येत नव्हते, त्यानंतर तर कधीच आले नाहीत. मी तेव्हा अण्णांना विचारलं होतं, तुम्हाला दिसलं होतं ना? ते म्हणाले, "त्यानं विचारलं नव्हतं." मला ते फार मोठ्या माणसाचं उत्तर वाटलं होतं.

म्हणून मीही योर्गला सांगितलं नाही. रोज फोरम उघडायचे, लिहायला सुरुवात करायचे, पुसायचे. कुणीतरी जाणकार बोलेलच, असं स्वतःला सांगायचे. तीन आठवडे कुणी बोललं नाही. मग एका रविवारी रेनाटेनं फोटो टाकला. पार्सल पोचलं होतं. तिनं ते पिल आपल्या सोळा झाडांच्या बरोबर मध्यभागी, सगळ्यांत चांगल्या जागी लावलं होतं.

मी तो फोटो अण्णांना पाठवला. हरण्या आहे हे मला पक्कं माहीत होतं, तरी विचारलं, कारण कुणीतरी मोठ्यानं मला हाताला धरून पुढं ढकलावं असं वाटत होतं. पाच मिनिटांत त्यांचाच फोन आला.

"हाव, हरण्याच आहे. उपटी टाक म्हना. आजच्या आज."

"अण्णा, मला कुणी विचारलेलं नाही."

पलीकडे पंप चालू असल्याचा आवाज येत होता. त्यांनी जाऊन तो बंद केला. मग म्हणाले, "मंग मी तुले शिकाडतानाच चुकलो बेटा. भागवतच्या टायमाले मले दिसलं होतं. त्याची न माझी पाण्याच्या पाळीवरून बोलचाल बंद होती, म्हनून गप बसलो. नियम बियम काई नही, राग होता माहा. त्यानं मले एकदाबी विचारलं नही, का बा तू सांगतलं काबरं नही. विचारलं असतं न, दोन शिव्या देल्या असत्या, त मी मोकळा झालो असतो."

माझ्या वडिलांनी मला आयुष्यात एवढं लांब वाक्य कधी सांगितलं नव्हतं, आणि तेही न विचारता. फोन ठेवून मी रडले. ज्याला मी त्यांचा मोठेपणा समजून चार वर्षं मिरवत होते, ते त्यांचं दुखणं होतं.

मग मी लिहिलं. सहा वाक्यांना दोन तास लागले. हे सौंदर्य नाही, रोग आहे. माझे वडील भारतात केळी पिकवतात, मी त्यातच वाढले. योर्ग, कृपा करून झाड जाळा. उरलेली पिलं पाठवू नका. रेनाटे, तुमचं पिल आजच काढा. उशिरा सांगते आहे, माफ करा. नावाखालच्या शून्याचा एक झाला.

उत्तरं काही गोड नव्हती. एकानं लिहिलं, चार वर्षं कुठं होती ही बाई? योर्ग तर भडकलाच, म्हणाला, लोकांना दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही. आपल्याकडे नजर लागली म्हणतात, तेच. दोन दिवसांनी कुणीतरी प्रयोगशाळेचा पत्ता दिला, योर्गनं पान तपासून घेतलं, आणि मग झाड काढलं. माझ्याविषयी तो पुन्हा काही बोलला नाही.

रेनाटेनं मात्र माझं वाचलं त्याच संध्याकाळी पिल उपटलं होतं. पण माव्यानं आपलं काम करून ठेवलं होतं. ऑगस्टअखेर तिच्या दोन झाडांवर पट्टे आले, मग पाच, मग सगळ्यांवर. त्या रविवारी तिनं काही लिहिलं नाही. मला वेगळा मेसेज आला, फक्त मला. "तू पहिल्याच दिवशी ओळखलं होतंस, हो ना? मग सांगितलं का नाहीस?"

मी चार कारणं लिहिली आणि चारही पुसली. माझी जर्मन कच्ची आहे. मी नवीन आहे. मला कुणी विचारलं नाही. मला खात्री नव्हती. यातलं शेवटचं तर धडधडीत खोटं होतं. मग लिहिलं, "हो, पहिल्याच दिवशी. मला वाटलं, मी तुमच्यातली नाही."

उत्तर लगेच आलं. "चार वर्षं माझ्या बागेत बसून आहेस आणि म्हणतेस आमच्यातली नाही. शनिवारी ये. सोळा झाडं काढायची आहेत आणि माझा गुडघा मला साथ देत नाही."

मी गेले. दोन गाड्या आणि एक बस बदलून. रेनाटे फाटकाशी उभी होती, फोटोतल्यापेक्षा बुटकी. चहा नाही, पाणी नाही, तिनं आधी माझ्या हातात फावडं दिलं आणि म्हणाली, "उशीर केलास." ती बसच्या वेळेबद्दल बोलत नव्हती, हे मला कळलं. आपण पाव्हण्याला म्हणतो तसं "जाऊ दे, तुझी काय चूक" असं ती दिवसभरात एकदाही म्हणाली नाही. मी खोडं पाडत गेले, ती काठीला टेकून एकेका झाडाचं वय सांगत गेली. केळीचा चीक माझ्या बाह्यांवर उडाला, काळे डाग पडले, ते कधी जात नाहीत हे ठाऊक असूनही मी बाह्या वर केल्या नाहीत. नवव्या झाडाशी ती रडली. मीही रडले. मग आम्ही दहावं घेतलं.

दुपारी तिनं पायरीवर बसून मला ब्रेड दिला. समोर उघडी पडलेली काळी माती होती, आणि मी बोलायला लागले. त्या कोपऱ्यात कंदाचा तुकडा राहिलाय, तो काढायला हवा. कुंपणाशी काकडी लावली आहेस ती उपट, हा रोग तीही वागवते. पुढच्या वर्षी इथं केळी नको, तिकडच्या भिंतीशी लाव, आणि पिल घेशील ते आधी मला दाखव. खत फार घालतेस, पाणी कमी. चार वर्षांचं साठलेलं होतं, थांबेचना. रेनाटेनं यातलं काहीच विचारलं नव्हतं. ती घास चावत ऐकत होती, मध्येच "हळू बोल" म्हणत होती, एका मुद्द्यावर तर ठणकावून "ते मला पटत नाही" म्हणाली, आणि मी तिच्याशी भांडले.

घर म्हणजे काय, असं आता माझ्यासारखे निघून आलेले लोक विचारतात तेव्हा मला ती पायरी आठवते. जिथं मी न विचारता बोलते, आणि जिथं माझी चूक कुणीतरी माझ्याच पदरात घालून मला पुन्हा कामाला लावतं, ते घर. परतीची बस सहाची होती. सोळावं झाड अजून उभं होतं. रेनाटे म्हणाली, बस चुकव, वरच्या खोलीत गादी आहे.