डावीकडच्या कॉटचं नाव

पलूसचा जोतीराम लढाईहून परतला तो पायाला भिंगरी बांधूनच. ताटावर बसला की अर्ध्या भाकरीत उठायचा, उसाला पाणी पाजताना दारं सोडून बांधावर येरझाऱ्या घालायचा. इटलीत डोक्यावर परिणाम झाला, असं गावानं ठरवून टाकलं. गावाला निदान करायला वैद्य लागत नाही.

खरं कारण वेगळं होतं. जोतीरामाला एका मेलेल्या माणसाला घरात आणायचं होतं, आणि बायको बाळंत होईपर्यंत थांबणं भाग होतं. गेलेल्याचं नाव पोरावर ठेवलं की माणूस परत येतो, ही आपल्याकडची रीत. त्याला मुलगा हवा होता तो याचसाठी.

चव्वेचाळीस साली सुरुंगाची माती डोळ्यांत गेली आणि दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला इटलीतल्या एका बंदरावरच्या इस्पितळात टाकलं. जागा कमी, त्यामुळं मिळेल त्याला मिळेल तिथं निजवलेलं. उजव्या कॉटवर आक्सेल नावाचा डेन्मार्कचा खलाशी. डाव्या कॉटवर अमेरिकेचा शिपाई, पण गोरा नव्हे. तिथल्या जुन्या रहिवाशांपैकी नवाहो जमातीचा, घरी मेंढरं राखणारा. जोतीरामाला दोघं दिसले नाहीत, नुसते ऐकू आले. मोडक्यातोडक्या इंग्रजीवर तिघांचं भागायचं, आणि कंटाळा आला की ते त्याला आपापली बोली शिकवायचे.

आक्सेलची बोली गरम भाकरीचा घास तोंडात धरून बोलल्यासारखी, अर्धे शब्द गिळलेले. पण पन्नासाला तो ‘अडीच विसा’ म्हणतो हे कळलं तेव्हा जोतीराम पट्टीखाली हसला. त्याची आई बनुबाई शेण्या तशाच मोजायची. डावीकडच्याची बोली मात्र ओढ्यातल्या दगडांवर पाय देत चालल्यासारखी, पाऊल टाकायचं, थांबायचं. आपण दोर दिला काय, घोंगडं दिलं काय, पाणी दिलं काय, ‘दिलं’च म्हणतो. त्याच्याकडं प्रत्येक वस्तूच्या देण्याला निराळा शब्द. वस्तूचं नाव न घेताही नुसत्या त्या शब्दावरून आंधळ्या जोतीरामाला कळायचं, की आता पाण्याचा मग येतोय, हात सांभाळून पुढं करावा. एवढी माया त्याला कुठल्या बोलीत भेटली नव्हती.

एका सकाळी तो शब्द आला नाही. पट्टी सुटली तेव्हा डावी कॉट रिकामी होती, चादर बदललेली. ज्याचा चेहरा पाहिला नाही त्याचं नाव तेवढं जोतीरामाजवळ उरलं. ते विसरू नये म्हणून तो दिवसभर पुटपुटायचा आणि गाव त्याला खुळा म्हणायचं.

मुलगा झाला. बारशाच्या आदल्या संध्याकाळी सोप्यात बसून तो बहिणीला, शालूबाईला, ते नाव शिकवू लागला, कारण बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. शालूबाईची जीभ अडखळायची, जोतीराम चिडायचा.

“दादा, आपल्या पोराला आसलं नाव? हाक तरी कशी मारायची?”

“पुन्यांदा म्हन,” जोतीराम म्हणाला. शालूबाई पदर झटकून चुलीकडं गेली.

आत शेगडीजवळ बाळाला घेऊन त्याची बायको अंजना बसली होती. तिनं हाक घातली, “आवं, हिकडं या. शिराळ्याचा गुंडा वॉर्डात वारला, तवा डावीकडच्यानं तुमचं त्वांड दाबलं म्हनता. ते का?”

ही गोष्ट त्यानं गावात शंभरदा सांगितली होती. पलीकडच्या कॉटवर त्याच्याच पलटणीतला गुंडा गेला आणि जोतीराम “गुंडा, गुंडा” म्हणून रडू लागला, तसा डावीकडून एक तळवा येऊन त्याच्या तोंडावर बसला. “शिस्तीचा मानूस,” जोतीराम म्हणाला. “सिस्टर वरडंल म्हून.”

“सिस्टर हुती व्हय तिथं?”

“न्हवती.”

“आक्सेलचा भाऊ मेल्याला, त्येचं नाव काय?”

“नील्स. रोज घ्यायचा.”

“आन् डावीकडच्याचा भाऊ?”

जोतीराम आठवू लागला. डावीकडच्याचाही भाऊ गेला होता, तो त्याच्याबद्दल पुष्कळ बोलायचाही. पण ‘माझ्या आईचा धाकटा’, याच्यापुढं कधी गेला नाही.

“त्यास्नी गेलेल्याचं नाव चालत न्हाई,” अंजना म्हणाली. “त्यो तुमास्नी सांगत हुता. आन् तुमी रोज घेतासा.”

जोतीराम भिंतीला टेकला. दोन वर्षं माया म्हणून जे केलं, ते त्या माणसाला सोसवलं नसतं, हे आता त्याच्या मनात आलं. “मग त्यो ऱ्हानार कुटं?” तो म्हणाला.

“लगीन झाल्यापास्नं म्या तरी तुमचं नाव कुटं घेतलंय? इसारले म्हून व्हय?”

तो तांबडं फुटेपर्यंत अंगणात फेऱ्या मारत होता, पण पुटपुटणं ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाळणा बांधला. घुगऱ्या शिजल्या, बायका गाऊ लागल्या. शालूबाईला कुणी काही सांगितलंच नव्हतं. भावाचं मन मोडू नये म्हणून तिनं सकाळभर घोकून ते अवघड नाव पाठ केलं होतं. ती पाळण्यात वाकली. तेवढ्यात जोतीराम बायकांच्या घोळक्यातून वाट काढत आत घुसला आणि त्यानं आपला तळवा तिच्या तोंडावर ठेवला. पाळण्याचं गाणं थांबलं. बनुबाईनं कपाळावर हात मारून घेतला.

“शाले, त्ये न्हाई,” तो म्हणाला. “गुंडा म्हन. गुंडाला चालतंय.”

शिराळ्याचा तो पोरगाही घरी परतला नव्हता, आणि त्याची रीत जोतीरामाचीच होती. शालूबाईनं बाळाच्या कानात कुर्र केलं आणि नाव सांगितलं. मग पंगत बसली. जोतीराम मांडी घालून बसला, आणि ताकभात होईपर्यंत पानावरून उठला नाही.