न तुटणारी तार

क्लबात त्याला सगळे भिंत म्हणत. भिंतीवर चेंडू मारला की तो परत येतो, याच्याकडे मारला तरी येतोच, म्हणून. सभासदांबरोबर टेनिस खेळणं हीच त्याची नोकरी. जिंकायचं नाही, हरायचंही नाही. समोरच्याला आपण बरे खेळतो असं वाटत राहील इतपत चेंडू त्याच्या पुढ्यात आणून ठेवायचा. पोट सुटलेले वकील, रुसून रॅकेट आपटणारे व्यापारी, नवऱ्यावरचा राग चेंडूवर काढणाऱ्या बायका, सगळ्यांना त्याने उभं आयुष्य असं खेळवलं. ऐकायला सोपं वाटतं. एक दिवस करून बघा म्हणजे कळेल.

क्लबाचा एक नियम होता. नोकराच्या रॅकेटला नवी तार हवी असेल तर जुनी तुटलेली दाखवायची. भिंतीच्या रॅकेटची मऊ तार सारखी तुटायची आणि दर वेळी सेक्रेटरीसाहेब त्याच्याकडे असे बघायचे की जणू याने ऑफिसची काच फोडली. भिंत पडला मानी माणूस. बायकोचा धाकटा भाऊ क्लबातच मागच्या खोलीत गटिंगचं, म्हणजे रॅकेटला तारा बांधायचं मशीन घेऊन बसायचा, त्याला भिंतीने सांगितलं की न तुटणारी काहीतरी घाल. मेव्हण्याने पॉलिएस्टरची तार घातली. त्याच वेळी त्याने हेही बजावलं होतं की ही तुटायची वाट बघायची नसते, मोठे खेळाडू आधीच कापून टाकतात. हे भिंतीने एका कानाने ऐकलं आणि दुसऱ्याने सोडलं.

पहिले काही दिवस भिंतीला पंख फुटले. मऊ तारेवर चेंडू जोरात मारला की कोर्टाबाहेर जायचा. या तारेवर जीव खाऊन मारला तरी तो पल्याडच्या रेषेच्या अलीकडे निमूट खाली उतरायचा. चेंडूला अशी फिरकी बसायची की टप्पा पडला की तो वकिलाच्या छातीपर्यंत उसळायचा आणि वकील मागे सरता सरता कोर्टाच्या कुंपणाला टेकायचा. आवाज तर खणखणीत. भिंत घरी येऊन बायकोला त्या आवाजाची नक्कल करून दाखवायचा, आणि ती भाजी चिरता चिरता हसायची.

मग ती तार मेली. पॉलिएस्टरचं असंच असतं, ती तुटत नाही, मरते. दिसायला तशीच, पण आतला ताण गेलेला. खणखणीत आवाजाच्या जागी पुठ्ठ्यावर थाप मारल्यासारखा आवाज यायला लागला. चेंडू कधी उगाच लांब जायचा, कधी जाळीतच बसायचा. तार काही काम करेना, म्हणून भिंत हाताने जोर लावायला लागला, आणि प्रत्येक फटक्याचा हादरा थेट कोपरात जायला लागला.

तरी त्याने ती बदलली नाही. कशी बदलणार? तुटल्याशिवाय नवी नाही आणि ही तुटायचं नाव घेईना. शिवाय मधल्या काळात त्याने स्वतःच गावभर करून ठेवलं होतं. ज्याला त्याला रॅकेट दाखवायचा आणि म्हणायचा, बघा, दोन वर्षं झाली, तुटली नाही. सभासद माना डोलवायचे. सेक्रेटरीसाहेबांनी तर खांद्यावर हात ठेवला होता. ते कौतुक त्याला असं चढलं, की त्यापुढे कोपर म्हणजे किरकोळ बाब. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

घरी तो चहाचा कप डाव्या हाताने उचलायला लागला. बायकोला काय ते कळलं. डब्यांची झाकणं ती त्याच्यापुढे ठेवेनाशी झाली, शर्टाची बटणं तो आत जाऊन लावायला लागला, आणि दोघांनीही त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. फक्त एकदा ती म्हणाली, "अहो, तुटली नाही, तुटली नाही म्हणून किती दिवस मिरवणार? हात गेला तर पुढे काय?"

तो म्हणाला, "भिंतीला कुठे हात असतात?" यावर ती हसली नाही.

मग क्लबात चेंडू फेकणारं मशीन आलं. चाकांवरची एक पेटी, वर चेंडू भरायचे, पुढून एकामागून एक सुटतात. त्याला कोपर नाही, पगार नाही, पाणी प्यायला थांबणं नाही. कमिटीने ठरवलं की रविवारी सभासदांनी आधी भिंतीबरोबर खेळावं, मग मशीनबरोबर, आणि मग काय ते ठरवू. भिंतीला ही गोष्ट सेक्रेटरीसाहेबांनी हसत हसत सांगितली, तसा तोही हसला. पण त्याला दुसरं काही येत नव्हतं, आणि या वयात त्याला कोण काही शिकवणार होतं?

शनिवारी तो मागच्या खोलीत गेला, दार लोटून घेतलं आणि मेव्हण्याला म्हणाला की मऊ तार घालून दे.

"कुठून देऊ भाऊजी? तुमचंच ऐकून साहेबांनी सगळ्यांसाठी ही पॉलिएस्टर मागवली. कपाटभर तीच आहे."

भिंत स्टुलावर बसला. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतल्यावर माणूस जसा बसतो तसा. मेव्हणा भला माणूस होता. म्हणाला की तीच घालतो, पण सैल बांधतो, कोपराला जरा बरं पडेल. भिंत नको म्हणाला. सैल तारेवर चेंडू लांब जाईल आणि उद्या एकही चेंडू लांब जाता कामा नये. घट्टच बांध. आणि बदलली म्हणून कुणाला बोलू नकोस. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तशातली गत. मेव्हण्याने जुनी तार कात्रीने कापली, रद्दी कागदात गुंडाळून खिशात घातली आणि त्याच रंगाची नवी ताणून बांधली.

रविवारी सकाळी कोर्टाभोवती खुर्च्या मांडल्या होत्या. वकिलाने पहिला चेंडू मारला, भिंतीने परतवला आणि तो विसरलेला खणखणीत आवाज सगळ्यांनी ऐकला. आणखी एक. आणखी एक. चेंडू रेषेच्या आत उतरत होते, उसळत होते, वकील घामाघूम होऊन हसत होता. कुणीतरी म्हणालं, मशीन परत पाठवा. भिंतीने ते ऐकलं. इतकी वर्षं आपण आवडतो म्हणून आपल्याला ठेवलंय, असं त्याला त्या एका क्षणी वाटलं, आणि तो फार सुखावला.

मग एक साधा चेंडू आला. कुणीही परतवला असता असा. भिंतीने हात फिरवला आणि रॅकेट हातातून गळून पडली. त्याने ती उचलली. पुढच्या चेंडूला परत पडली. तिसऱ्यांदा बोटं मिटेचनात. तो वाकून तिच्याकडे बघत राहिला. सेक्रेटरीसाहेब आत आले आणि अगदी मायेने म्हणाले, "पुरे आता." पेटी ढकलत आणली, बटण दाबलं आणि चेंडू सुटायला लागले. वकील खेळत राहिला.

हातातली पकड परत आली नाही. क्लबाने त्याला काढलं नाही, एवढी माणुसकी दाखवली. आता तो कोर्टावरचे चेंडू डाव्या हाताने गोळा करून टोपलीत भरतो आणि मशीनमध्ये ओततो. लोक अजून त्याला भिंतच म्हणतात, सवयीने. त्याची रॅकेट सेक्रेटरीसाहेबांनी ऑफिसात खिळ्याला टांगली आहे. एकदा तिथे कुणी नव्हतं तेव्हा त्याने डाव्या अंगठ्याने तार दाबून पाहिली. सैल पडली होती. त्या रविवारनंतर तिने एकही चेंडू पाहिला नव्हता, तरी. त्याला खूप रडावंसं वाटलं, पण कुणीतरी येत होतं म्हणून तो बाहेर आला.

नवे सभासद आले की साहेब त्यांना ती रॅकेट दाखवतात. परवाही दाखवली. इतकी वर्षं एकच तार, म्हणाले, तुटली नाही. मग दारातून टोपली घेऊन चाललेल्या त्याला थांबवून विचारलं, "काय भिंत, खरं ना?"

"हो साहेब," तो म्हणाला, "तुटली नाही." मशीन रिकामं झालं होतं, म्हणून तो चेंडू ओतायला गेला.