आईच्या मापाची गाडी

मी लेखक नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, तेवढ्या आधारावर लिहायला बसलोय. चुकलं तर माफ करा.

आईचा उजवा पाय पोलिओने अधू झालेला. मांजरी गावात ती शिवणवर्ग घेते, तिथे रोज मी तिला सोडायचो. मला होस्टेल मिळालं, तेव्हा हडपसरच्या एका गॅरेजमध्ये तिच्यासाठी मागे दोन्ही बाजूंना जोडचाकं लावलेली स्कूटर बनवायला दिली. सीट खाली, ब्रेक हाताशी. प्रश्न आमच्या गल्लीचा होता. शेजारच्यांच्या पायरीपाशी ती फारच अरुंद होते.

"चाकं अजून आत घेता येतील का?" मी विचारलं.

"येतील की. मग प्रत्येक वळणावर आईंना उचलायला तुम्ही उभे राहा," मिस्त्री म्हणाले.

"रुंदच ठेवा. पायरीचं मी बघते," मापासाठी सोबत आलेली आई म्हणाली.

गाडी घरी आली त्या सकाळी माझा पेपर होता. ती पायरीशी अडकली, तर आईचा वर्ग बुडणार होता. बाहेर येताच फोन लावला. तिने उचलला नाही. पुन्हा लावला, तरी नाही. बऱ्याच वेळाने तिचाच आला.

"पायरीला घासली रे, नवा रंग गेला. वर्गावर पोचलेय. ठेव आता, बायका खोळंबल्यात."