भाकरीला दिलेलं श्रेय

वजन उतरवायचं इंजेक्शन मी दर रविवारी मोरीचं दार लावून घ्यायचो. जळगावात हे फक्त बायकोला आणि डॉक्टरांना ठाऊक होतं. बाकी सगळ्यांना सांगायचो, "काही नाही हो, दोन वेळा एकेक कळण्याची भाकरी अन् पहाटे चालणं." चालायला जायचो, पण समोरच्या गॅलरीत कुणी उभं असेल तरच.

सुईनंतर दोन दिवस मळमळ, करपट ढेकर, पोट गच्च. डॉक्टरांनी बजावलं होतं: थोडं थोडं खा, तळलेलं टाळा, पाणी भरपूर प्या, भूक नसली तरी डाळ, अंडी, पनीर पोटात गेलंच पाहिजे, नाहीतर अंगातली ताकद जाईल. हे मी पाळलं, पण लोकांना सांगितलं नाही. त्यांना उपदेश मिळाला तो ज्वारी-उडदाच्या त्या भाकरीचा.

हिवाळ्यात सावद्याला चुलतभावाच्या मळ्यात भरीत-पार्टी होती. तेलात पोहणारं भरीत, वर पुऱ्या. माझा घास तोंडातच फिरत होता.

"भाऊ, मळ्यात येऊन उपाशी जातो? माझी इज्जत काढतो का?" चुलतभाऊ म्हणाला.

खरं तर मळमळत होतं. मी मात्र मनावरच्या ताब्यावर भाषण ठोकलं. धुळ्याची माझी थोरली बहीण, अक्का, पुरी हातात तशीच धरून ऐकत होती. तिला साखरेचा आजार.

तीन आठवड्यांनी तिच्या सुनेचा फोन आला. "मामा, आई ओट्याजवळ चक्कर येऊन पडल्या. एकेक भाकरीवर राहत होत्या, साखर उतरवायच्या गोळ्या मात्र रोजच्या रोज."

मी धुळ्याला पोचलो तेव्हा अक्का दवाखान्यात खाटेवर बसली होती. डॉक्टर विचारत होते, "हा आहार सांगितला कोणी?"

"टीव्हीवर देखा," अक्का म्हणाली. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही.

"मी सांगितला," मी म्हणालो. मग सुईचंही सांगून टाकलं, सुनेसमोर, शेजारच्या खाटेवरच्या बाईसमोर.

अक्काने आता माझ्याकडे पाहिलं.

"म्हनजे तुले भूकच लागे नही?"

"नाही."

"अन् मी पानी पीसन झोपू. म्हनू, भाऊले जमस, मन्हामाच दम नही."

सुनेने डब्यातून वरण-भात काढला. मी उठायला लागलो.

"बस आठे," अक्का म्हणाली. "मी जेवस ते देख."

मी बसलो. तिने पुन्हा वरण मागून घेतलं.